नदीकांठची जुनी वाट : दापोड्यापासून नाणेघाटापर्यंत



भिवंडी तालुक्यांतील दापोडें हें नांव आपल्यापैकीं पुष्कळांनीं वाचलेलें असेल. परंतु तें बहुधा एखाद्या पार्सलावरील पत्त्यांत. माणकोली नाक्यावरून अंजूरफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आसपास पसरलेल्या गोदामांचा हा मुलूख. मुंबईच्या घराघरांत येणारी वस्तु, मग ती साबणाची वडी असो कीं कपडे धुण्याचें यंत्र असो, बहुतेक वेळां या टापूंत एक-दोन रात्री मुक्काम करून मगच पुढें निघते. अशा गांवाविषयीं इतिहासाच्या भाषणांत काय बोलावयाचें, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. येथें कोणी किल्ला पाहावयास येत नाहीं, कीं कोणी यात्रेस येत नाहीं. तथापि आजच्या भाषणाचा प्रारंभ मी याच गांवापासून करणार आहें, आणि आपणांस येथून जी सफर घडवणार आहें ती सायकलीवरून.

शेतांच्या बांधांवरून, ओढ्यानाल्यांच्या कांठानें, मातीच्या वाटांनीं सायकल हांकण्याचा शोक आपल्या शहरांत अलीकडच्या काळांत चांगलाच रुजला आहे. जाड टायरांची, पुष्कळ दांतेरी चक्रांची, पुढच्या चिमट्यांत धक्के गिळण्याची सोय असलेली ही सायकल माउंटन बाइक या नांवानें ओळखली जाते. रविवारीं पहाटे ठाणें, कल्याण, डोंबिवली येथून असे स्वार डोंगरांच्या दिशेनें निघालेले दिसतात. त्यांच्याकडे व्यायामाचे हौशी म्हणून पाहण्याची रीत आहे. माझें म्हणणें निराळें आहे. उत्तर कोंकणचा इतिहास समजून घेण्याचें एक साधन म्हणून या वाहनाकडे पाहावें, असें मला सुचवावयाचें आहे. ताम्रपट, बखरी आणि दप्तरें यांच्या जोडीला रस्त्याचा चढ आणि पायांचा शीण हाही एक पुरावा आहे. आणि मोटारींत बसलेल्या संशोधकाला तो कधींच मिळत नाहीं.

सायकलीस आपल्याकडे 'पायगाडी' असें एक सुटसुटीत नांव होतें. तें मागें पडलें याची मला थोडी हळहळ वाटते. कारण हें वाहन मुळांत पायांचें आहे, चाकें निमित्तमात्र, हें त्या शब्दांत उघड होत असे. १८८५ सालीं इंग्लंडांत स्टार्ली यानें दोन सारख्या चाकांची, सांखळीनें चालणारी 'रोव्हर' सायकल तयार केली. १८८८ मध्यें बेलफास्ट येथील डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें हवा भरलेला टायर आणला. या दोन गोष्टींनीं खडबडीत वाट सामान्य माणसाच्या आटोक्यांत आली. मग ज्या वाटेनें सायकल जाणार नाहीं असें शहाणे लोक सांगत, त्याच वाटेनें ती नेणारा कोणी ना कोणी निघूं लागला. १९१९ च्या मार्चमध्यें 'वेफेअरर' या टोपणनांवानें लिहिणाऱ्या रॉबिन्सन या इंग्रज गृहस्थानें वेल्समधील बर्विन डोंगर भर बर्फांतून सायकलीसह ओलांडला. आपली मुंबईही मागें नव्हती. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलींवर निघाले. त्यांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे सुमारें ७१,००० किलोमीटरांची पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९२८ च्या मार्चमध्यें परत आले. पुढें १९३१ सालीं त्यांचें प्रवासवर्णन प्रसिद्ध झालें, त्यास जवाहरलाल नेहरूंनीं प्रस्तावना लिहिली. वाळवंटें, दलदली, जंगलें यांतून गेलेल्या त्या सायकली आजच्या अर्थानें डोंगरी सायकली नव्हत्या. डोंगरी सायकलीचा जन्म पुष्कळ नंतरचा, १९७० नंतरच्या दशकांतला. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील मरीन परगण्यांत कांहीं तरुण जुन्या, जाडजूड टायरांच्या सायकली तामाल्पाइस डोंगराच्या कच्च्या वाटांनीं खालीं सोडीत. उतारावर ब्रेक इतका तापे कीं त्यांतील वंगण जळून जाई आणि दर खेपेस तें नव्यानें भरावें लागे. त्या खेळांतून नवा सांगाडा, नवे गियर, नवे ब्रेक निघाले. आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्यें या शर्यतीस स्थान मिळालें.

एवढी वंशावळ पुरे. आतां सायकल दापोड्याच्या शिवारांत उतरवूं.

या भागाची रचना प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. लोणावळा-राजमाचीच्या डोंगरांत उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, बदलापूर यांवरून उत्तरेकडे येते. माळशेजच्या बाजूनें येणारी काळू आणि थळघाटाच्या बाजूनें येणारी भातसा यांचें एकत्र झालेलें पाणी कल्याणनजीक तिला मिळतें. तेथून पुढें ती नदी कमी आणि खाडी अधिक. भिवंडीस वळसा घालणारी कामवारीही याच खाडीस येऊन मिळते. दापोडें, अंजूर, काल्हेर हीं गांवें या पाण्यांच्या बेचक्यांत वसलेलीं आहेत. भरतीचें पाणी जेथवर चढतें तेथवर गलबताची सत्ता. जेथें तें थकतें तेथून बैलाच्या पाठीची सत्ता सुरू होते. कल्याण व भिवंडी हीं दोन गांवें बरोबर या सीमेवर उभीं आहेत. दोन सहस्र वर्षें येथें बाजार भरत आला, त्याचें कारण कोणा राजाच्या इच्छेंत शोधण्यापेक्षां या सीमेंत शोधावें.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका अनाम ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रप्रवासाच्या ग्रंथांत कल्याणचा उल्लेख आहे. हें पूर्वीं रीतसर पेठ असलेलें बंदर होतें. परंतु राज्यकर्ता बदलल्यापासून चुकून येथें आलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्याखालीं भडोचला नेलीं जातात, अशी तक्रारवजा माहिती तो देतो. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्यें कल्याणचे रहिवासी आढळतात. म्हणजे येथील व्यापाऱ्याच्या हातीं दानधर्म करण्याइतका पैसा खेळत होता. हा पैसा येत होता तो घाटावरून खालीं उतरणाऱ्या आणि समुद्रावरून वर चढणाऱ्या मालांतून.

दापोड्याच्या बाजूनें खाडीकडे जातांना चाकाखालीं येतो तो खारबांध. समुद्राचें पाणी दिवसांतून दोनदां आंत येतें. तें भातखाचरांत शिरूं नये म्हणून शेकडों वर्षें लोकांनीं मातीचे बांध घातले. अशा रीतीनें समुद्राकडून सोडवून घेतलेल्या जमिनींच्या एका जुन्या वहिवाटीस या किनाऱ्यावर 'शिलोत्री' म्हणत. बांधांत ठिकठिकाणीं उघाडी असते. तिची युक्ति साधी असून मोठी मनोरम आहे : भरतीच्या दाबानें तिची फळी आपोआप मिटते, ओहोटी लागली कीं आंतलें गोडें पाणी तिला ढकलून बाहेर निघून जातें. बांधांत खेकडे बिळें पाडतात, आणि एका बिळानें सारा बांध खचतो. म्हणून बांधाची राखण एकट्या दुकट्याची कधींच नव्हती, ती गांवाचीच होती. १९४८ सालीं मुंबई सरकारनें खार जमिनींविषयीं स्वतंत्र कायदा केला, तेव्हां या गांवकीच्या कामास प्रथमच व्यापक सरकारी चौकट मिळाली. या बांधांवरून सायकल चालवतां येते. माथा हात-दीड हात रुंदीचा, एका बाजूस खाजण, दुसऱ्या बाजूस भात. पावसाळ्यांत मात्र तेथें जाऊं नये. काळा चिकण चिखल चाकांत असा भरतो कीं सायकल स्वारास घेऊन जाण्याऐवजीं स्वारालाच ती खांद्यावर घ्यावी लागते.

बांधांवरून आणि खाचरांमधून गेलेल्या या वाटांचें राजकीय महत्त्व किती होतें, हें शेजारच्या अंजूर गांवाच्या इतिहासावरून दिसतें. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत खाडीच्या पलीकडे साष्टी व वसई पोर्तुगिजांच्या हातीं होती आणि अलीकडे कल्याण-भिवंडीच्या बाजूस मराठ्यांचा अंमल होता. १६५७ मध्यें शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडी प्रथम घेतली, तेव्हांपासून या मुलखाची ओढाताण चाललीच होती. अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे बंधु यांनीं पोर्तुगीज अमलाखालील लोकांची गाऱ्हाणीं पेशवे दरबारापर्यंत पोंचवलीं आणि वर्षानुवर्षें मोहिमेसाठीं खटपट केली. १७३७ च्या मार्चमध्यें ठाण्यावर हल्ला होऊन साष्टीचें दार उघडलें. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांच्या सैन्यापुढें वसईनें हात टेकले. अंजूरास नाईकांचा वाडा व त्यांतील सिद्धिविनायक प्रसिद्ध आहे. चिमाजी अप्पांच्या नवसाचें म्हणून ओळखलें जाणारें वज्रेश्वरीचें देऊळ याच तालुक्याच्या उत्तर अंगास, तानसा नदीच्या खोऱ्यांत आहे. तेथपर्यंतची वाटही सायकलीस फार गोड आहे, पण आज आपल्याला पूर्वेकडे जावयाचें आहे.

वसईच्या विजयाचें वर्णन करतांना आपण तोफा, सुरुंग आणि शौर्य यांविषयीं भरभरून बोलतों. मला या हकीकतींत नाईकांचा भाग फार मोलाचा वाटतो, आणि तो केवळ त्यांच्या निष्ठेमुळें नव्हे. खाडी कोठें उतरतां येते, कोणत्या तिथीस पाणी किती चढतें, कोणता बांध माणसांचा भार सोशील, हें ज्ञान पुण्याच्या दरबारांत नव्हतें, तें या कांठच्या माणसांच्या पायांत होतें. आज बांधावरून सायकल हांकणाऱ्यास त्या ज्ञानाचा शतांश तरी प्राप्त होतो. भरती-ओहोटीचें कोष्टक न पाहतां निघालेला स्वार एखाद्या नाळीपाशीं अडकून दोन तास बसला, म्हणजे त्याला मोहिमेंतील तिथिवारांचा अर्थ कळूं लागतो.

भिवंडी ओलांडून पूर्वेस वळलें कीं जमीन कोरडी होत जाते आणि टेकड्या जवळ येतात. येथें लोनाड हें गांव आहे. डोंगरांत बौद्ध लेणें, खालीं शिलाहारांच्या काळचें शिवालय, आणि जवळच्या चौधरपाड्यास शिलाहार राजा केशिदेव याचा शके ११६१ चा, म्हणजे इसवी सनाच्या १२४० च्या आसपासचा, शिलालेख. शिलाहारांच्या कांहीं दानलेखांखालीं गाढवाचें चित्र असलेली शापवाणी कोरलेली असते. दान मोडणाऱ्याची लाज काढण्याचा तो तत्कालीन, आणि आजच्या अभिरुचीस न मानवणारा, उपाय. पण विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, आज आडबाजूस वाटणाऱ्या या जागीं बौद्ध भिक्षूंपासून शिलाहारांपर्यंत सहा-सातशें वर्षें कोणी ना कोणी दगड कोरीत राहिलें. मोटारीच्या रस्त्यानें पाहिलें तर लोनाड आडबाजूस आहे खरें. परंतु भिवंडी-कल्याणच्या बंदरांकडून भातसा-काळूच्या खोऱ्यांत शिरणाऱ्या माणसाच्या दृष्टीनें तें वाटेवरच आहे. सायकलीवरून हें विनासायास कळतें, कारण सायकल आपोआप सौम्य चढाची रेघ शोधते. ओझ्याचा बैल हेंच करी. दोघांनाही टेकडीवर सरळ चढण्याची हौस नसते, आणि दोघांनाही पाण्यापासून फार दूर जाणें परवडत नाहीं.

टिटवाळ्याच्या बाजूनें काळू उतरून आपण मुरबाडच्या वाटेस लागतों. कल्याणपासून मुरबाड सुमारें तीस किलोमीटर. तेथून नाणेघाटाच्या पायथ्याचें वैशाखरें आणखी वीस-पंचवीस. लमाण-वंजाऱ्यांचा लादलेला तांडा दिवसास चार-पांच कोसांपेक्षां फारसा पुढें जात नसे. म्हणजे कल्याणाहून घाटाच्या पायथ्यापर्यंत चार मुक्काम झाले. चार मुक्काम म्हणजे चार ठिकाणीं पाणी, चार ठिकाणीं चारा, आणि राखणीस माणसें. सायकलस्वार हें अंतर एका दिवसांत तोडतो, पण त्याचीही दमण्याचीं ठिकाणें जवळजवळ तींच असतात : नदीचा उतार, वडाची सावली, टेकाडाचा माथा. घाटावर चढणाऱ्या मालांत मीठ आणि सुकी मासळी ही फार मोठी बाब होती. राजांचे यज्ञ आणि लढाया आपल्याला पाठ असतात; देशावरच्या भाकरीबरोबरचें मीठ कोणाच्या पाठीवरून वर गेलें, याची चौकशी आपण क्वचितच करतों.

नाणेघाटाचा अखेरचा चढ सायकल चालवण्याचा नव्हे. दगडी पायऱ्या आणि फरसबंदी चढतांना सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि ओझें पाठीवर असल्याविना हा घाट समजत नाहीं असें माझें मत आहे. वर खिंडीच्या तोंडाशीं जें लेणें आहे त्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ख्यातनाम लेख आहे. तो इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांतला मानला जातो. त्यांत यज्ञांची नांवें आहेत आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापणें यांचे आंकडे आहेत. आपल्या देशांतील संख्याचिन्हांच्या अगदीं जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. राजघराण्यांतील व्यक्तींच्या मूर्ति तेथें होत्या. आज त्यांचे पायांचे अवशेष आणि वरचीं नांवें तेवढीं उरलीं आहेत. जवळच दगडाचा मोठा रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत अशी लोकांची समजूत आहे. समजुतीस लेखी आधार नसला तरी ती चुकीच्या जागीं जन्मलेली नाहीं. राजघराण्यानें आपली कीर्ति राजधानीच्या चौकांत न कोरतां डोंगराच्या धारेवर कोरली, ती तेथून जाणाऱ्या-येणाऱ्यांनीं पाहावी म्हणूनच. घामाघूम होऊन, खांद्यावरचें ओझें उतरवून, सावलींत प्रथमच बसणाऱ्या वाटसरूसमोर तो लेख येतो. पलीकडे घाटघर, जीवधन आणि जुन्नरची सपाटी.

ही वाट मोडली ती तरवारीनें नव्हे. १८३० सालीं बोरघाटांतून चाकाच्या गाड्यांचा रस्ता खुला झाला, तेव्हां बैलाच्या पाठीची मक्तेदारी प्रथम ढिली पडली. १६ एप्रिल १८५३ रोजीं आगगाडी ठाण्यास आली, १८५४ च्या मे महिन्यांत कल्याणास. १८६३ मध्यें बोरघाट आणि १८६५ मध्यें थळघाट रुळांखालीं आला. आगगाडीस कल्याण जंक्शन म्हणून हवें होतें, भिवंडीची तिला गरज नव्हती, आणि नाणेघाटाची तर मुळींच नव्हती. पुढें भिवंडीनें आपलें पोट यंत्रमागांवर भरलें, ती कथा निराळी. परंतु गेल्या कांहीं दशकांत एक नवल घडलें. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईच्या अगदीं उंबऱ्याशीं, अशी जागा व्यापाऱ्यांना हवी होती. ती त्यांना दापोडें, वळ, पूर्णें, माणकोली येथें सांपडली. १ जुलै २०१७ रोजीं मुंबईची जकात संपली, तरी गोदामें हललीं नाहींत. उलट नव्या करपद्धतीनंतर तीं अधिक मोठीं होऊं लागलीं. ५ जून २०२५ रोजीं खुल्या झालेल्या अखेरच्या टप्प्यानें ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग याच तालुक्यांतील आमणें येथें येऊन टेकला. गोदामांस नाकें मुरडणाऱ्यांत मी नाहीं. घाट आणि समुद्र यांच्या मध्यें माल थांबण्याची ही जागा सातवाहनांच्या काळींही हीच होती. पेठ परत आली आहे. तिची भूक मात्र पूर्वीपेक्षां पुष्कळ वाढली आहे.

त्या भुकेचा पहिला घास म्हणजे वाट. शेत विकलें जातें, भराव पडतो, कुंपण येतें. आणि त्या शेताच्या कडेनें गेलेली, कोणाच्याच नांवावर नसलेली पायवाट एका रात्रींत नाहींशी होते. खारबांधावर भराव पडला कीं उघाडी बुजते आणि पावसाचें पाणी गांवांत साचतें, हें तर मुलांनाही समजावें. महामार्गावर सायकलीस प्रवेश नाहीं. मोठ्या रस्त्यावर मालमोटारींच्या रांगेंत ती नेणें म्हणजे जिवाशीं खेळ. तेव्हां सायकलस्वार आणि गांवची शाळकरी मुलें, भात लावणाऱ्या बाया, मासळीची पाटी घेऊन जाणाऱ्या कोळणी, यांचें हित येथें एकच आहे. सर्वांना तीच अरुंद वाट हवी आहे.

ही वाट अगदींच निराधार नाहीं, हें येथें सांगितलें पाहिजे. भूमिअभिलेख खात्याच्या गांवनकाशांत गाडीवाट दुहेरी तुटक रेषेनें आणि पायवाट एकेरी तुटक रेषेनें दाखवलेली असते. पायवाटेची रुंदी सव्वा आठ फूट धरण्याचा प्रघात आहे. शेताकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या रस्त्यांत कोणी अडथळा केला, तर तो दूर करण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्यान्वयें तहसीलदारांस आहे. रविवारच्या सफरीचा बेत करणाऱ्यांनीं आपल्या खिशांतील यंत्रावरचा नकाशा अवश्य पाहावा, परंतु त्याच्या जोडीला ज्या गांवांतून जावयाचें त्यांचा गांवनकाशाही पाहावा. त्यांतील एखादी तुटक रेषा जागेवर सांपडते, एखादी कुंपणाशीं संपते. जेथें ती संपते तेथें सर्व्हे नंबर टिपून घ्यावा आणि ग्रामपंचायतींत विचारावें. भाताची कापणी उरकल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यापासून बांध वाळतात आणि खाचरांतून जाण्यास कोणाची हरकत नसते. फेब्रुवारी अखेरपर्यंत हा काळ या कामास उत्तम. खाडीच्या बाजूस निघण्यापूर्वीं ओहोटीची वेळ तेवढी पाहून ठेवावी.